दाराखालची फट

समोरच्या ब्लॉकमध्ये, जिथे पूर्वी हंसाबेन राहायच्या, तिथे आता एक तरुण जोडपं भाड्याने आलंय. त्यांच्याकडे मूठभर आकाराचा शिट्झू कुत्रा आहे. त्याच्या डोळ्यांवरचे केस गोळा करून डोक्यावर रबराने शेंडी बांधतात आणि त्याला लेकरासारखं कडेवर घेऊन चार जिने उतरतात. जिन्यात समोरासमोर आलो की मी भिंतीला चिकटून उभी राहते. मावशी, काही करत नाही हो तो, असं ती मुलगी दर वेळी सांगते. आता तिला काय सांगू, कपाळ? चावण्याचीच भीती असती तर किती सोपं होतं. तो भुंकला, अंगावर उड्या मारल्या, माझा पदर ओढला, तरी माझी काही तक्रार नाही. पण कधीकधी दुपारी ती दोघं कामावर गेलेली असतात आणि तो आतून दाराशी येऊन गप्प होतो, मग बारीक आवाजात कण्हायला लागतो. ते मला सोसत नाही. मी टीव्हीचा आवाज वाढवते. तरी हात गॅसकडे जातोच, आणि चहाचं आधण ठेवून झाल्यावर मला भान येतं.

बिल्डिंग आता पाडणार आहेत. मीटिंगमध्ये जो तो नव्या घरात किती जागा जास्त मिळणार एवढंच बोलतो. मला मात्र गच्चीकडे जाणारा जिना जाणार याचंच काहीतरी होतंय. बरं वाटतंय की वाईट, ते अजून मला ठरवता आलेलं नाही. तो उभा आहे तोवर लिहून काढावं म्हणून बसले आहे.

आम्ही गिरगावातली खोली सोडून मीरा रोडला शांती नगरात आलो तेव्हा नातेवाईक बाबांना विचारायचे, तिकडे कोल्हे येतात का हो? कोल्हे नव्हते, पण बाकीही काही नव्हतं हे खरं. पलीकडे मिठागरं, अलीकडे चिखल आणि मध्ये एकसारख्या दिसणाऱ्या चारमजली बिल्डिंगी. पहिल्याच आठवड्यात बाबा भलत्याच बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर जाऊन आपल्या किल्लीने परक्यांचं दार उघडत बसले होते, ही गोष्ट आई येईल त्याला सांगायची. खारा वारा इतका, की मिठाच्या बरणीला पाणी सुटायचं आणि खिडकीच्या गजांना हात लावला तर तळवा तांबडा व्हायचा. नळाला मात्र पाण्याचा थेंब नाही. टँकरचा हॉर्न वाजला की बायका कणकेचे हात तसेच घेऊन बादल्यांसकट धावायच्या. आमचं घर सगळ्यांत वरचं. दारासमोरूनच गच्चीचा जिना वर जायचा, अर्ध्यावर वळायचा, आणि पुढे गच्चीच्या दाराला सोसायटीचं कुलूप. टाकीत कुणाचं पोर पडू नये म्हणून ते कायमचंच लावलेलं, त्यामुळे वळणापलीकडे जायचं कुणाला कारणच नव्हतं. पहिल्या पावसाळ्यात आमचं दार फुगून बसलं, लागेचना. बाबांनी सुतार आणला आणि त्या शहाण्याने रंधा जरा जास्तच मारला. खाली चांगली बोटभर फट राहिली. झुरळं येतील म्हणून आई तिथे गोणपाट कोंबून ठेवायची.

घरात आम्ही चौघं. बाबा गोदीत कारकून, रत्नागिरीकडचे, बोलायला मोजके आणि रागवायलाही मोजके, पण एकदा रागावले की तो राग वर्षानुवर्षं जपून ठेवणारे. आईला गप्प बसणं ठाऊक नव्हतं. भांड्यांशी, भाजीशी, कुणाशीही बोलायची, फक्त बाबांसमोर जीभ आवरायची. मी शाळेत, तोंडाचा पट्टा आईवर गेलेला. आणि ताई. सुरेखा तिचं नाव. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचा कारखाना होता, त्याच्या ऑफिसात ती कामाला. कारखान्याची सुट्टी गुरुवारची, म्हणजे तिचीही गुरुवारची. तिथल्या माणसाकडून तिने आम्हा सगळ्यांच्या पेल्यांवर नावं कोरून आणली होती. भांड्यांवर नाव घालणं घरोघर होतंच, पण ते असायचं देणाऱ्याचं नाहीतर कर्त्या पुरुषाचं. आमच्या मांडणीवर आईच्या नावाचा पेला, माझ्या नावाचा पेला, बघायला येणाऱ्या बायकांना त्याचं फार अप्रूप. ताईच्या पेल्यावर ‘सुरेखा’तला काना जरा वाकडा आला होता. ती म्हणायची, राहू दे, त्यामुळे तो माझा आहे हे लांबून कळतं.

कापशी ताईनेच आणली. एका संध्याकाळी मेथीच्या जुडीखालून पिशवीतून काहीतरी हललं आणि आई किंचाळलीच. पामेरियनचं पांढरंशुभ्र पिल्लू, ओंजळीत मावेल एवढं. त्या वेळी मध्यमवर्गात कुत्रा म्हटला की पामेरियन. कुणाच्या टेपरेकॉर्डरइतकंच त्याचं कौतुक. भाईंदरच्या एका ओळखीच्यांकडे पिल्लं झाली, त्यांनी दिलं, असं ताई म्हणाली. माणसांना पाणी नाही आणि हिला कुठून घालायचं, एवढंच बोलून बाबा पेपरात तोंड घालून बसले. ते तोंड महिनाभरात बाहेर आलं. सकाळच्या चहाबरोबर बिस्कीट खाताना त्यातलं अर्धं ते न बघता खाली धरायला लागले, आणि खालून ते न बघता उचललं जायला लागलं. कापशी हे नाव आईने ठेवलं. दूधपोळी तिचं मुख्य जेवण, ताईने तिचंही नाव कोरून आणलेल्या वाटीत, पण सुके बोंबील भाजायला घेतले की ओट्याखाली दोन पायांवर उभी राहून पुढचे पंजे जोडायची. तिचे केस आमटीत, उशीवर, बाबांच्या काळ्या पॅन्टवर. रविवारी शिकेकाईने अंघोळ, आणि अंघोळीची भीती अशी, की मोरीत नुसता तांब्या वाजला तरी ती मोठ्या खाटेखाली भिंतीला चिकटून बसायची. मग तिला बाहेर काढायला नाकी नऊ यायचे.

माणसागणिक तिचं भुंकणं वेगळं होतं. दूधवाल्यावर तुटून पडल्यासारखं, हंसाबेनवर उगाच शिष्टाचार म्हणून, बाबांना दोनदाच. ताईवर मात्र ती कधीच भुंकली नाही. ताई खाली पहिल्या मजल्यावर असेल नसेल, तेव्हाच हिला कळायचं. गोणपाट पंजाने ओढून बाजूला काढायची, फटीला नाक लावायची, आणि कूंऽऽ असा एक बारीक, लांब सूर. मग गोल गोल फिरायची आणि पुन्हा नाक फटीला. तो सूर ऐकला की आई चहा टाकायची. कितीही कामात असो, हात आपोआप पातेल्याकडे. आलं ठेचलं, साखर पडली, उकळी आली, की दारात ताई. चार जिने चढून आलेल्या मुलीच्या हातात चप्पल काढायच्या आत तिच्या नावाचा पेला. चहा पेल्यातूनच प्यायची ती, कप नको असायचा. आमच्या घराचं घड्याळ ते होतं म्हटलं तरी चालेल.

ताईचं प्रकरण मला वाटतं आईला थोडंफार ठाऊक असणार. कारखान्यातच पॅकिंगचं बघणारा विल्सन नावाचा मुलगा, उत्तनकडच्या कोळीवाड्यातला ख्रिश्चन. पिल्लं त्याच्याच घरी झाली होती. एका गुरुवारी दुपारी, रजेवर असलेले बाबा जेवणं आटोपून आडवे झालेले असताना, कापशीने दाराशी सूर धरला. आईने सवयीने चहा टाकला. दार उघडलं तर ताई नव्या साडीत, आणि मागे दोन पायऱ्या सोडून तो. सकाळी मैत्रिणीकडे म्हणून गेलेली, रजिस्टर लग्न करून आली होती. बाबा उठून आले. ओरडले नाहीत. त्यांनी ताईकडे नीट, पूर्ण बघून घेतलं आणि दार लावलं. आमच्याकडे वळून ते म्हणाले, “सुरेखा गेली. अंघोळी करून घ्या.”

आमच्यात कुणी गेल्याचं कळलं की अंघोळ करतात. जिवंत माणसाच्या नावाने अंघोळ केली, असं मी रागाच्या भरात बोललेलं पुष्कळदा ऐकलं होतं, पण ते बोलणंच असतं असं मला वाटायचं. बाबा खरोखर मोरीत गेले. त्या दिवशी टँकर आला नव्हता, पिंपात तळाशी पाणी होतं, ते त्यांनी तांब्याने खरवडून काढलं. मग आईला पाठवलं. ती साडीसकट बसली आणि भांडं अंगावर ओतताना तिच्या तोंडातून जो आवाज आला तो मी लिहिणार नाही. मग मी. थंडगार, गढूळ पाणी. दाराबाहेर ती दोघं अजून उभी होती हे आम्हाला माहीत नव्हतं. तांब्याचा आवाज होताच कापशी खाटेखाली भिंतीला जाऊन बसली होती, तिला कुणी काढलं नाही. गॅसवरचा चहा आटून पातेलं जळालं. त्यानंतर ते नाव घरात कुणी घेतलं नाही. तिचा पेला मांडणीवरून गेला. तो आईने तांदळाच्या डब्यामागे सरकवलाय, हे मला माहीत होतं, बाबांना नव्हतं, निदान तेव्हा मला तसं वाटायचं. कापशीला मात्र बाबांनी घालवलं नाही. मला वाटलं होतं, घालवतील. बिस्कीट खाली धरणं तसंच चालू राहिलं.

पावसाळा लागला. एका दुपारी मी शाळेतून येऊन जेवत होते आणि कापशी झोपेतून ताडकन उठली. गोणपाट ओढलं. कूंऽऽ. गोल फिरली, नाक फटीला. आईने चहाचं पातेलं उचललं, ठेवलं, त्यात पाणी ओतलं, आणि मग तिला कळलं आपण काय करतोय. मी धावत जाऊन दार उघडलं. कुणी नाही. खालपर्यंत जिना रिकामा. कापशी मात्र माझ्या पायांतून निसटून गच्चीच्या जिन्याच्या दोन पायऱ्या चढली आणि वर वळणाकडे बघत शेपूट हलवायला लागली. वर काय होतं? कुलूप लावलेलं दार. मी पुढे पाय टाकणार तोच आईने मागून माझी वेणी धरली. “वर बघू नकोस,” ती म्हणाली, आणि कापशीला काखेत मारून मला आत ओढलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग पुन्हा. आई वार बघायला लागली, गुरुवार. ताईच्या सुट्टीचा वार. मुकं जनावर फसवत नाही, असं ती म्हणाली, आणि तिने सगळ्याचा अर्थ लावून टाकला. जितीजागती पोर होती, तिच्या नावाने पाणी ओतलं, ते तिला लागलं. ताई कुठेतरी, कशाने तरी गेली. आणि जिथून तिला हाकललं तिथेच येऊन बसतेय. आज हे वाचणाऱ्याला हसू येईल. येऊ दे. पण आमच्या कोकणातल्या घरांत अशा गोष्टी सांगत सांगतच पोरं मोठी झालेली असतात, आणि गळ्यापर्यंत अपराध भरलेल्या बाईला दुसरं काय सुचणार होतं? ताई जिवंत असती तर बेल वाजवली नसती का, हा तिचा सवाल. मी म्हटलं, मी उद्याच्या उद्या भाईंदरला जाते, कारखान्यात विचारून येते. तेव्हा आई जे बोलली ते मला अजून झोपू देत नाही.

“नको. निदान येते तरी आहे. तू जाऊन काय ते नक्की करून आलीस, आणि ती यायची थांबली तर?”

मग गुरुवारची दुपार आमच्या घरात वेगळीच व्हायला लागली. आई सकाळपासून गप्प. तिला गप्प बघणं हीच एक भयंकर गोष्ट होती. लादी पुसून, स्वच्छ साडी नेसून ती दारापासून हातभर अंतरावर पाटावर बसायची. कापशीने सूर धरला की उठून चहा टाकायची, भरपूर आलं घालून, आणि एक कप भरून दाराजवळ चपलांच्या मांडणीवर ठेवायची. दार उघडायचं नाही, हा तिचा नियम. गेलेल्या माणसाकडे बघू नये, हाक मारू नये, म्हणजे ते बिचकत नाही. तिचे ओठ हलायचे, आवाज नसायचा. मी खिडकीत बसून घाबरायचे आणि चिडायचे, दोन्ही एकदम. बाहेरून काहीसुद्धा ऐकू यायचं नाही. नुसती पंपाची घरघर, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, आणि त्या एवढ्याशा कुत्रीचं फटीपाशी श्वास ओढणं. बऱ्याच वेळाने ती नाक काढायची, अंग झाडायची आणि जाऊन झोपायची. मग आई तो गार चहा तुळशीच्या कुंडीत ओतायची. संध्याकाळी बाबा आले की घरात काही घडलेलंच नसायचं.

पितृपंधरवडा आला. बाबांनी आजोबांच्या तिथीला पान ठेवलं, गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडून मागून घेतली, कावळा जेवला, किल्ली परत गेली. आई ते सगळं डोळ्यांत तेल घालून बघत होती. त्या पंधरवड्यातल्या गुरुवारी मी शाळेतून आले तर घरात नारळाच्या रसाचा आणि वेलचीचा वास. खापरोळ्या. गोड रसात भिजवलेली ही जाड घावनं म्हणजे ताईचा जीव की प्राण. आईने केळीच्या पानावर भात, वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, अळूची भाजी वाढली, मधोमध वाटीत रसातल्या खापरोळ्या. कडेला काळे तीळ. तिने ते पान नेऊन गच्चीच्या जिन्यावर, वळणाच्या खालच्या पायरीवर ठेवलं. दक्षिणेकडे तोंड करून पिठाचा दिवा लावला. मग तांदळाच्या डब्यामागून तो वाकड्या कान्याचा पेला काढला, पदराने पुसला, आणि पाणी भरून पानाशेजारी ठेवला. आत येऊन दार लावलं. इतके महिने उपाशी बसली असेल गं पोर, असं म्हणून ती पहिल्यांदा रडली.

कापशीने सूर धरला. गोल फिरली, नाक फटीला. आईने माझा हात धरला. वर पायऱ्यांवर काही हललं का, मला सांगता यायचं नाही. एकाएकी कापशीचा सूर तुटला. ती ताठ उभी राहिली. मग स्टील वाजलं, पेला लादीला घासला जावा तसं. आईच्या चेहऱ्यावर इतका आनंद आला, की मला तिच्याकडे बघवेना. पाणी प्याली, ती पुटपुटली. आणि मग कापशी भुंकली. ताईवर कधीच न भुंकलेली ती कुत्री दारावर नखं मारत, उड्या मारत भुंकत सुटली, आणि मधूनच तिचा आवाज फाटून रडण्यासारखा व्हायला लागला. कुणीतरी निघून चाललं होतं हे कळायला मला वेळ लागला नाही. मी दार उघडलं. पान जसंच्या तसं. खापरोळीला बोटसुद्धा लागलेलं नाही. दिवा जळतोय. पेला नव्हता.

समोरचं दार उघडून हंसाबेन उभ्या होत्या, हातात तांदूळ निवडायचं ताट. काय झालं, दीदी आज रडत का गेली, असं त्यांनी त्यांच्या मोडक्या मराठीत विचारलं. कोण दीदी, मी म्हटलं. तेव्हा त्या हिंदीवर आल्या. “अरे, तुम्हारी सुरेखा. हर गुरुवार तो आती है, ऊपर बैठती है. मैं समझी तुम लोगों को मालूम है, पप्पा के डर से अंदर नहीं लेते.”

आई पायांत काही न घालता चार जिने उतरली. पुढे कापशी, मागे मी. गेटाबाहेर, चिखलातून, पार मोठ्या रस्त्यापर्यंत. रिक्षा गेल्या होत्या, आल्या होत्या. कापशी वास घेत घेत रस्त्याच्या कडेपर्यंत गेली आणि तिथे बसून राहिली. परत येताना आईने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हटली: येईल, पुढच्या गुरुवारी येईल, मी दार उघडंच ठेवीन. तिला भाईंदरला जायचं धाडस होईना. बाबांची भीती होतीच, पण तोंड कसं दाखवायचं, ही भीती त्याहून मोठी. पुढच्या गुरुवारी दार सताड उघडं होतं, चहा उकळत होता, आई उंबऱ्यावर. कापशी नाक पंजांवर ठेवून पडून राहिली. सूर नाही. त्यानंतरच्याही गुरुवारी नाही. तेव्हा कुठे आम्ही दोघी निघालो, कारखान्यात पत्ता विचारून उत्तनला.

विल्सनच्या घरासमोर बोंबील वाळत घातले होते. त्याची आई अंगणात बसली होती, पायाशी कापशीसारखीच एक म्हातारी पांढरी कुत्री. आम्ही कोण हे सांगितल्यावर ती बाई घाईने उठली, खुर्च्या काढल्या. “ती न्हाय हाय वो इथं,” ती म्हणाली. विल्सनला मस्कतला नोकरी लागली, दोघंही गेल्या आठवड्यात गेली. मग तिने आईकडे नवलाने बघितलं. “तुमाला सांगून न्हाय गेली? शेवटच्या खेपेला निघताना म्हणली, आज बेल मारते न् सांगून येते. एरवी तर दर गुरवारी तुमच्याकडं यायची. आली की म्हणायची, आईचा चहा पिऊन आले.”

चहाचा वास. तो वास दाराखालून जिन्यावर जात होता, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. ताई येऊन बसली की आतून आल्याच्या चहाचा वास येणार, म्हणजे आईला कळलं आपण आलोय, म्हणजे आज ना उद्या दार उघडणार. ती दार उघडायची वाट बघत होती, आणि आत आई तिला बिचकवायचं नाही म्हणून दार लावून बसली होती. बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून होती.

नंतरची वर्षं मी भराभर सांगते, कारण ती भराभर गेली नाहीत आणि पुन्हा त्यातून जायची माझी इच्छा नाही. मस्कतचा पत्ता कुणी दिला नाही. ताईनेच मस्कतहून नको म्हणून कळवलं होतं. शांती नगर भरत गेलं, चिखलावर दुकानं झाली, नळाला पाणी आलं. गुरुवारी दुपारी आमचं दार उघडं असायचं, पावसात, थंडीत, आईला ताप असला तरी. बाबांना कुणी काही सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. कापशी म्हातारी झाली. शेपटीचे केस गेले, डोळ्यांत मोती पडला, खोकायला लागली की थांबायची नाही, आणि ऐकू येणं तर पारच बंद. बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी तिचं बिस्कीट चहात बुडवून द्यायला सुरुवात केली, कारण तिला दात राहिले नव्हते.

एक दिवस मी आणि आई भाजी घेऊन वर आलो. वार कुठला होता आठवत नाही, गुरुवार नव्हता एवढं नक्की. दार उघडं. आल्याच्या चहाचा वास थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत. बाबांना आयुष्यात कधी गॅस पेटवता आला नव्हता. ते दारात उभे होते, हातात सांडशी, बनियनवर चहा सांडलेला. आतमध्ये कापशी दाराजवळ झोपलेली, झोपेतच तिचे पाय हलत होते, आणि तो सूर, कूंऽऽ, इतक्या वर्षांनी, स्वप्नात. बाबा आमच्याकडे नाही, आमच्या डोक्यावरून वर वळणाकडे बघत होते.

“सुरेखा आली वाटतं,” ते म्हणाले.

आईने पिशव्या खाली ठेवल्या. सांडशी त्यांच्या हातातून काढून घेतली, त्यांना आत नेलं. त्या दिवशी त्या दोघांनी चहा घेतला नाही. तो पातेल्यातच राहिला. कापशी त्याच हिवाळ्यात गेली. बाबांनी तिला मिठागराच्या कडेला पुरलं, तिच्या नावाच्या वाटीसकट. घरी येऊन ते मोरीत गेले आणि अंघोळ केली, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

बाबा गेले. मग आई गेली, गुरुवारी नव्हे. शेवटपर्यंत दाराकडे तोंड करून पलंग लावून घेतला होता तिने. मी लग्न केलं नाही, त्याला इतर कारणं होती, इथे त्यांचा संबंध नाही. आणि गेल्या वर्षी एका दुपारी बेल वाजली. दारात एक पांढऱ्या केसांची बाई, धापा टाकत, एक हात भिंतीला. आई गेल्याचं तिला उत्तनहून कुणीतरी फोनवर कळवलं होतं, खूप उशिराने. आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो वगैरे काही नाही. मी म्हटलं, ये. ती म्हणाली, आत नको गं, आई नाही तर मी आत कशाला येऊ. ती गच्चीचा जिना चढून वळणाच्या पायरीवर जाऊन बसली, सवय असल्यासारखी. मी चहा करून बाहेर नेला. तिने पर्समधून पेला काढला आणि पुढे धरला. काना अजून वाकडाच होता.

तिनेच सांगितलं, लग्नाच्या त्या दिवशी दाराबाहेर तिने तांब्याचे आवाज ऐकले होते, एकामागून एक, आणि कुणाचा कुठला तेही ओळखलं होतं. पहिल्यांदा मी दार उघडलं तेव्हा बाबा असतील म्हणून ती वळणापलीकडे सरकली होती, आणि आईचं ‘वर बघू नकोस’ तिला बाबांच्या भीतीपोटीचं वाटलं होतं. मी तिला आईचं सगळं सांगितलं, ती काय समजून बसली होती ते. ताईने पेला पायरीवर टेकवला. “तीळ बघितले तेव्हा वाटलं, बरोबर आहे, मेले मी,” ती म्हणाली. “पण मग खापरोळ्या बघितल्या. जिवंत असताना दार नाही, आणि मेल्यावर एवढं मायेचं वाढलंय. ते नाही सोसलं मला.”

मग तिने हात करून खाली आमच्या दाराकडे दाखवलं. इथून घरातलं काही दिसायचं नाही, ती सांगत होती. फटीतून एक नाक तेवढं दिसायचं, काळं, ओलं. तेवढ्याकडे बघत ती दुपार काढायची. या घरात निदान एकीला तरी मी मेलेली नाही, असं वाटायचं. त्या दिवशी पान बघून ती उठली तेव्हाही ते नाक तिथेच होतं.

मी तिला खाटेखालचं सांगितलं. आम्ही तिघांनी तुझ्या नावाने पाणी घेतलं, पण कापशी भिंतीला जाऊन बसली होती, तिला कुणी काढलं नाही, तिने अंघोळ केलीच नव्हती. ताईने मान हलवली. ती अजून खालीच बघत होती, पण दार मी उघडं टाकून आले होते, फट दिसतच नव्हती. मी उठले, खाली गेले आणि दार ओढून घेतलं. लॅच लागल्याचा आवाज आला. किल्ली आतच राहिली होती. असू दे म्हटलं, आणि वर जाऊन तिच्याशेजारी बसले.